मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी एक ब्रेक बोलतोय. पण तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल तो नव्हे. तो गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो, गाडी तिथे तो असतोच आणि त्याचं कुणाला कौतुक नसतं. मी दुसरा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या सीटपुढे, एकटाच बसवलेला. जगात गाड्या उदंड, पण दोन ब्रेक असण्याचा मान फार थोड्या गाड्यांच्या नशिबी येतो. हा मान आहे की कुणावर तरी दाखवलेला अविश्वास, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नाही. मी मान समजूनच चालत होतो.

माझा जन्म कारखान्यातला नाही. कारखान्यातून गाडी आली तेव्हा चारचौघींसारखी एकाच ब्रेकची होती. मास्तरांनी ती घेतली आणि घरी न नेता थेट गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने एक लोखंडी पट्टी कापली, वाकवली, तिच्या टोकाला पॅडल जोडलं, पॅडलवर काळं रबर चढवलं आणि डॅशबोर्डच्या खालून एक आडवी दांडी नेऊन मला चालवणाऱ्याच्या पायाशी असलेल्या थोरल्या ब्रेकशी जखडून टाकलं. मग फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "मास्तर, दोघं एकाच दांडीवर आहेत. एक खाली गेला की दुसरा जाणार, आणि एक अडला की दुसराही अडणार. तेवढं लक्षात असू द्या."

मास्तर म्हणाले, गाडी शिकवता शिकवता माझे केस पिकले, तू मला काय सांगतोस. वाक्य मोलाचं होतं. मास्तरांनी ते गॅरेजातच ठेवलं आणि गाडी तेवढी घेऊन आले.

आता मास्तरांविषयी. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं. घरचेही कधीकधी चुकून म्हणतात. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात जाड तळव्याचे काळे बूट. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : 'इथे चुकायला परवानगी आहे.' ते वाचून मागची वाहनं दोन हात लांब राहत आणि नवी माणसं धीर करून आत येत.

नव्या माणसाला मास्तर आधी गाडीला हात लावू देत नसत. आधी सवयीवर व्याख्यान. बसल्याबरोबर पट्टा, मग आरसा, मग मान वळवून मागे बघणं. एकदा गाडीभोवती फेरी मारून चाकं तपासणं. ब्रेक लागला नाही तर काय करायचं, याचा पाढा तर ते इतक्या वेळा म्हणत की मलाही पाठ झाला होता : हँडब्रेक ओढा, गिअर खाली आणा, तोंडाने ओरडू नका. आणि व्याख्यानाचा शेवट ठरलेला असे. ते बोट वर करून म्हणत, "ज्या दिवशी आपण ब्रेक दाबला हे तुमच्या लक्षातही येणार नाही, त्या दिवशी समजा, सवय लागली."

हे वाक्य त्यांनी स्वतःवर किती खरं करून दाखवलं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

बाकी त्यांच्या स्वतःच्या चांगल्या सवयी सोमवारी सुरू होत. चहातली साखर सोमवारी बंद व्हायची, पहाटेचं फिरणं सोमवारी लागायचं. मंगळवारी गाडीत बसताना ते जरा गप्प असत आणि बुधवारी म्हणत की मध्येच सुरू केलेलं टिकत नाही, येत्या सोमवारपासून नीट करू. शिकणारे माना डोलावत, कारण त्यांचेही सोमवार तसेच असत.

माझं काम मात्र रोजचं आणि बिनचूक. समजा, गाडी चौकाकडे चाललीय. पुढे पादचाऱ्यांसाठी आखलेले पांढरे पट्टे आहेत, पट्ट्यांच्या काठाला एक बाई पिशवी घेऊन उभी आहे. शिकणाऱ्याला ती अजून दिसायचीय. दिसेल, मग कळेल, मग पाय हलेल. तेवढ्यात मास्तरांचा बूट माझ्यावर आलेला असे. मी खाली, माझ्यामागून दांडीने ओढलेला थोरला खाली, गाडी लोण्यासारखी थांबलेली. शिकणारा समोर बघून समाधानाने हसे. त्याला वाटे, आपण थांबवली. मास्तर म्हणत, "छान. बघा, जमतं की." त्यांनाही तसंच वाटे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. गाडीत तीन जण होतो आणि खरं काय झालं ते एकालाच माहीत होतं. त्या एकाला बोलता येत नव्हतं.

मला गर्व चढला तर त्यात नवल काय? एका बुटाखाली सगळं गाव सुखरूप रस्ता ओलांडत होतं.

परीक्षेच्या दिवशी मात्र सगळं बिनसे. त्या दिवशी माझ्या पुढ्यात मास्तर नसत, परीक्षक असत. परीक्षक मांडीवर फाइल ठेवून पाय आखडून बसत. गाडी पट्ट्यांपाशी येई. शिकणारा अगदी रोजच्यासारखा पाय सैल सोडून वाट बघत राही, की आता थांबेल. गाडी न थांबता पट्टे ओलांडून जाई. मग परीक्षक दीर्घ श्वास घेऊन फाइलीत काहीतरी लिहीत आणि तो बिचारा उतरून मास्तरांना सांगे की गाडीत काहीतरी बिघाड आहे, रोज थांबते ती आज थांबली नाही. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवत. म्हणत, चुकीतून शिकायचं असतं. आणि परीक्षकांविषयी घरी जाऊन जे बोलत ते इथे सांगण्यासारखं नाही.

वर्ष-दीड वर्षाने गाडी गॅरेजात जाई, तेव्हा मेकॅनिक खाली वाकून माझं रबर बदले. ते झिजून गुळगुळीत झालेलं असे, त्यावर मास्तरांच्या बुटाचा आकार उमटलेला असे. थोरल्या ब्रेकचं रबर मात्र कोरं करकरीत. एकदा मेकॅनिक हसून म्हणाला, "गाडी शिकतंय कोण मास्तर, तुम्ही की ते?" मास्तरही हसले. विनोद म्हणून दोघांनाही आवडला.

आमच्याकडे एक शिंपी शिकायला यायचा. जन्मभर पायाने शिवणयंत्र चालवलेला माणूस. त्याचा उजवा पाय जिथे टेकेल तिथे आपोआप खालीवर होई, त्यामुळे गाडी भररस्त्यात टाके घातल्यासारखी चाले. मास्तर त्याला रोज सांगत, ही सवय मोडा. तो म्हणे, पोट तिच्यावर आहे, मोडून कसं चालेल? शेवटी त्याने गुपचूप शिवणयंत्र डाव्या पायाने चालवायला घेतलं. चार-दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या तिरक्या गेल्या, बोलणी खाल्ली, पण उजवा पाय मोकळा झाला आणि गाडी सरळ चालू लागली. मास्तर ही गोष्ट पुढे प्रत्येकाला सांगत. मनावर घेतलं तर माणूस कुठलीही सवय बदलू शकतो, असं सांगता सांगता ते मला दाबत.

घरीही मास्तरांचा पाय स्वस्थ नसतो, हे मला सासूबाईंकडून कळलं. सासूबाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. पुढे त्यांची सून गाडी शिकू लागली तेव्हा सासूबाईही मागच्या सीटवर बाजाराची पिशवी घेऊन बसत, म्हणून मीही त्यांना सासूबाईच म्हणतो. त्या सांगत की बसमध्ये मास्तर पुढच्या बाकाखाली पाय आपटतात. जेवताना कुणी जरा जोरात बोललं, ताटाला वाटी आपटली, की टेबलाखाली पाय दाबतात. "आणि तिथे ब्रेक नाही, माझा पाय आहे," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी थांबतेय." मास्तरांनी आरशात बघून केस सारखे केले आणि विषय बदलला.

सूनबाई परिचारिका. नवरा जहाजावर, वर्षाकाठी थोडे दिवस घरी येणारा. ती सासू-सासऱ्यांजवळ राही आणि मोठ्या दवाखान्यात वॉर्डात काम करी. तिचं एक दुःख होतं. वॉर्डातून बरी करून पाठवलेली म्हातारी माणसं थोड्याच दिवसांत तीच जखम घेऊन परत येत, कारण घरी पट्टी बदलायला कुणी नसे. अशांच्या घरी जाऊन बघण्याच्या कामाची एक जागा दवाखान्याने काढली होती. गाडी दवाखान्याची, पण चालवायची स्वतः. वरिष्ठ बाईंनी सूनबाईचं नाव पुढे केलं, फक्त लायसन्स आणून दे म्हणाल्या. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. त्यांनी थांबायचं कबूल केलं. दुसऱ्या परीक्षेत, त्याच पट्ट्यांवर, तशीच नापास झाली. वरिष्ठ बाई म्हणाल्या, आता पुढच्या परीक्षेपर्यंत, त्यानंतर जागा दुसरीला द्यावी लागेल.

सून नापास, तीही सासऱ्याच्या हाताखाली. मास्तरांची झोप उडाली. त्यांनी शिकवणी वाढवली. म्हणजे मला दाबणं वाढवलं.

सूनबाई मोठी शहाणी. वॉर्डात माणूस सांगतो एक आणि त्याचं दुखणं असतं दुसरंच, हे तिला रोजचं. दोनदा एकाच ठिकाणी कसं चुकतं, याचा ती विचार करत होती. पण सासऱ्याला तोंडावर काय म्हणणार? एका दुपारी गाडी चौकाकडे चालली असताना तिने दोन्ही पाय हळूच मागे घेतले आणि सीटला टेकवून ठेवले. मला ते दिसलं. मास्तरांना दिसलं नाही. पट्टे आले, एक सायकलवाला आडवा आला आणि गाडी नेहमीसारखी अलगद थांबली.

"छान," मास्तर म्हणाले.

ती म्हणाली, "बाबा, गाडी कुणी थांबवली?"

"कुणी म्हणजे? तू."

"माझे पाय बघा."

मास्तरांनी तिचे पाय बघितले. मग जरा वेळाने, जणू कुणा परक्याचा बघावा तसा स्वतःचा पाय बघितला. तो माझ्यावर होता, पुरता दाबून. त्यांनी तो उचलला नाही. कसा उचलायचा हेच त्यांना सुचेना.

"हा कधी गेला इथे?" ते म्हणाले. आणि मला सांगायचंय, ते सोंग नव्हतं. मी त्या पायाला तळव्यापासून ओळखतो. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मागची वाहनं भोंगे वाजवू लागली. सूनबाईने गाडी पुढे नेऊन कडेला लावली. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. ते त्या सगळ्यांची आठवण काढत असावेत, ज्यांच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला होता आणि चुकीतून शिका म्हणून सांगितलं होतं. चूक त्यांच्यापर्यंत पोचूच दिली नव्हती, मग शिकणार कशातून? सूनबाईने पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली, एवढंच.

मास्तरांनी निश्चय केला. तोही सोमवारपासून.

पहिल्यांदा त्यांनी उजवा बूट काढून ठेवला. पाय मोज्यासकट माझ्यावर आला. मग पायावर पाय टाकून बसले; पायाला मुंग्या आल्या, आणि मुंग्या आलेला पायही वेळेवर पोचला. मग सीट पार मागे सरकवली. त्यांना रस्ता दिसेना, पण ते घसरत घसरत पुढे आले आणि मला गाठलंच. ज्या माणसाने साऱ्या गावाला सवयी लावल्या, त्याला स्वतःचा एक पाय आवरेना. मला आतून बरं वाटत होतं, हे कबूल करतो. आपल्यावाचून कुणाचं चालत नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

परीक्षा जवळ आली तसा मास्तरांचा धीर सुटला आणि त्यांनी ती गोष्ट केली. स्कूलच्या कचेरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक लाकडी पाचर लावलेली असे. ती त्यांनी काढून खिशात घातली. बाजारामागच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी केल्यावर त्यांनी सूनबाईला चाकं बघायला उतरवलं. ती फेरी मारत होती तेवढ्यात त्यांनी वाकून पाचर माझ्या पॅडलच्या मागे घट्ट ठोकली. आता पाय आला तरी मी खाली जाणार नव्हतो. त्यांनी मला दाबून बघितलं. मी हललो नाही. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं. मेकॅनिकचं ते गॅरेजातच राहिलेलं वाक्य त्या वेळी माझ्या कानात घणासारखं वाजत होतं, पण मी ब्रेक. मला अडवता येतं, ओरडता येत नाही.

सूनबाई बसली. पट्टा, आरसा, मान वळवून मागे. पहिला गिअर, दुसरा गिअर. मैदानाच्या टोकाला एक लाकडी बाक होतं आणि त्यामागे पाण्याच्या टाकीची भिंत. मास्तर म्हणाले, बाकाच्या अलीकडे थांबव, आज मी नाही, तू थांबवायचंस.

तिने पाय दाबला. थोरला दांडीशी अडला, दांडी माझ्याशी अडली, मी पाचरीशी अडलो. गाडी चाललीच. तिने पुन्हा दाबला, सगळा जोर लावून. मास्तरांचा पायही माझ्यावर आदळला. दोघं मिळून दाबत होते आणि मी जागचा हलत नव्हतो. मास्तर ओरडले, "ब्रेक! ब्रेक!" तोंडाने ओरडू नका, हे त्यांच्याच पाढ्यातलं शेवटचं कलम ते विसरले.

ती विसरली नाही. तिने हँडब्रेक ओढला, गिअर खाली आणला. गाडी करकरली, वाकडी झाली आणि बाकाला जाऊन टेकली. बाकाची एक फळी मोडली. भिंत हातभर पुढे होती.

मग सूनबाई उतरली, पलीकडून आली, मास्तरांचं दार उघडून खाली वाकली आणि तिने ती पाचर ओढून काढली.

"हे काय बाबा?"

"माझ्या पायावर माझा भरवसा राहिला नव्हता," मास्तर म्हणाले.

"मग पायाला बांधायचं होतंत," ती ओरडली. "सवय तुमच्या पायाची आणि पाचर माझ्या ब्रेकला?"

मास्तरांनी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यावर ओरडलं होतं आणि त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

ती मोडक्या बाकाच्या धड राहिलेल्या भागावर बसली. मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले. दार उघडंच होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. तिने राग गिळला आणि वॉर्डातल्या आवाजात विचारलं, की पाय उचलतो तेव्हा नक्की काय होतं. मास्तर म्हणाले, काही होत नाही, आपोआप जातो. ती म्हणाली, त्याच्या आधी. मास्तरांनी पाय उचलून पुन्हा टेकवून बघितला. मग म्हणाले की काळजात धस्स होतं.

तिने सांगितलं की सिगारेट सोडणाऱ्यांना ती नुसतं सोड म्हणत नाही. हात रिकामा राहिला की जुन्या जागी जातो, त्याला दुसरं काम द्यावं लागतं. तुमच्या पायाचं काम तोंडाला द्या. धस्स झालं की दाबायचं नाही, बोलायचं.

"काय बोलू?"

"जे होतंय ते."

मास्तरांनी शब्द शोधला. सगळं आयुष्य शब्दांवर काढलेला माणूस, पण हा सापडायला त्यांना वेळ लागला. अखेर ते हळूच म्हणाले, "भ्यालो."

दुसऱ्या दिवसापासून गाडीत तोच एक शब्द. गल्लीतून कुत्रं आलं, भ्यालो. ट्रक जवळून गेला, भ्यालो. सिग्नल पिवळा झाला, भ्यालो. सुरुवातीला मास्तर हे असं पुटपुटत की जणू पान गिळतायत. मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जरा मोठ्याने म्हणा, इतकी वर्षं मला एकटीला माहीत होतं." हसू सगळ्यांनाच आलं, मास्तरांनाही. गंमत अशी, की शब्द ऐकला की सूनबाईची नजर आपोआप फिरे, हे कशाला भ्याले? मग तिला तो सायकलवाला, ती पिशवीवाली बाई, ते उघडणारं दार दिसे. आणि तिचा पाय तिच्याच ब्रेकवर जाई.

ती चुकलीसुद्धा. आता कुठे तिला चुकायला मिळत होतं. एकदा पट्ट्यांच्या मधोमध थांबली. एक आजोबा काठी टेकत गाडीला वळसा घालून गेले आणि जाताना तिच्याकडे असे बघून गेले की ती पुन्हा कधी पट्ट्यांवर थांबली नाही. एकदा इतक्या जोरात थांबली की सासूबाईंच्या पिशवीतले कांदे माझ्यापर्यंत गडगडत आले. मागच्या काचेवरचं वाक्य आता कुठे खरं होऊ लागलं होतं.

मास्तरांचंही चुकलं. एका दिवशी त्यांनी मला कचकन दाबलं. गाडी थांबली. ते स्वतःच म्हणाले, "आज दाबला." मला वाटलं, आता सोमवार येणार. पण ते म्हणाले, "चल, पुढच्या चौकापासून." माझ्या मते मास्तर त्या दिवशी शिकले, बाकी सगळं त्याचं पाठांतर.

परीक्षेच्या दिवशी मास्तर कचेरीसमोरच्या पायरीवर बसून राहिले आणि माझ्या पुढ्यात परीक्षक आले. तेच ते, मांडीवर फाइल. गेल्या दोन्ही खेपांचे कागद त्यांच्याजवळ असावेत, कारण पट्टे जवळ येताच त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सूनबाई पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. त्यांनी टोपण परत लावलं.

परतीच्या रस्त्यावर दोन टेम्पो उभे होते. त्यांच्या मधून एक माणूस डोक्यावर गादी घेऊन निघाला. गादी दोन्ही बाजूंनी खाली लोंबलेली, त्याला ना डावीकडचं दिसत होतं ना उजवीकडचं. परीक्षकांचा पाय उचलला. तो बूट माझ्यावर येताना मला दिसत होता आणि मला माहीत होतं की तो टेकला की सूनबाई नापास आणि तिची जागा गेली.

तेवढ्यात तिच्या बाजूने आवाज आला, "भ्याले."

आणि मी खाली गेलो. माझ्यावर कुणाचाही पाय नव्हता. पलीकडून तिने दाबलं, दांडीने मला ओढलं आणि परीक्षकांचा बूट जिथे टेकणार होता तिथे मी नव्हतोच. तो नुसता हवेत राहिला. गाडी थांबली. गादी सावकाश रस्ता ओलांडून गेली.

"काय म्हणालात?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही. गाडी थांबवली," सूनबाई म्हणाली.

इतकी वर्षं मी ओढत होतो आणि थोरला माझ्यामागून येत होता. त्या दिवशी त्याने मला ओढलं. वाटलं होतं, फार अपमान वाटेल. तसं काही झालं नाही. उलट हलकं वाटलं.

ती पास झाली. आता ती दवाखान्याच्या गाडीतून घरोघरी जाते. त्या गाडीत दुसरा ब्रेक नाही. गुडघा दाखवायला मास्तरांना तिच्याच शेजारी बसून जावं लागतं. कुठला गुडघा, ते सांगायला नको. सासूबाई म्हणतात, वाटेत ते अजून भ्यालो म्हणतात आणि ती म्हणते, हो बाबा, दिसलं. जेवणाच्या टेबलाखाली मात्र सवय अजून पुरती गेलेली नाही. सासूबाई आता पाय दुसरीकडे ठेवतात.

स्कूल चालूच आहे. आता मास्तर व्याख्यान थोडं देतात आणि भितात जास्त. हल्ली माझ्यावर धूळ बसते. कधी पायपुसणीचा कोपरा येऊन पडतो, तो दिवसभर तसाच राहतो. माझं काही मागणं नाही. मला दाबू नका असं मी ब्रेक होऊन कसं सांगू? तुमच्या घरातही शेजारच्या सीटपुढे कुणीतरी मला बसवलेलं असेल आणि कुणाचा तरी पाय न विचारता माझ्यावर येत असेल. एवढंच करा, दाबण्याआधी एकदा तोंडाने सांगून बघा.

परवा गाडी गॅरेजात आली होती. मेकॅनिक सवयीने नवं रबर घेऊन माझ्याकडे वाकला आणि तसाच थांबला. मग पलीकडे जाऊन त्याने थोरल्याला चाचपलं. त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, वर कितीतरी निरनिराळ्या पायांच्या खुणा होत्या.

"मास्तर, या खेपेला उलटंच झालंय," तो म्हणाला. "हा इकडचा तर वापरातच दिसत नाही. काढून टाकू का?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी जन्मात इतका भ्यालो नव्हतो.

"राहू दे," ते म्हणाले. "तो नसला तर मी दाबत नाही हे कळणार कसं?"